लांब पल्ल्याच्या स्वारीसाठी तरुण घोड्याची तयारी : नांदेड-लातूर भागासाठी मार्गदर्शन

नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगाव येथे दरवर्षी मार्गशीर्ष महिन्यात खंडोबाची यात्रा भरते. लाल कंधारी आणि देवणी गोवंशाबरोबरच घोड्यांच्या बाजारासाठीही ही यात्रा ओळखली जाते. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथेही घोडे पाळण्याची आणि दसरा, होला महल्ला या सणांच्या मिरवणुकीत ते काढण्याची परंपरा आहे. त्यामुळे या भागात घोड्याची आवड असलेली शेतकरी कुटुंबे आजही आढळतात. बाजारातून दोन-तीन वर्षांचे शिंगरू आणायचे, पाळायचे आणि पुढे २०, ३० किंवा ४० किलोमीटरच्या रपेटीसाठी तयार करायचे, असा अनेकांचा विचार असतो.

असा घोडा नीट तयार झाला तर पुढे बरीच वर्षे साथ देतो. घाई झाली तर पाचव्या-सहाव्या वर्षीच पायाने अधू होतो आणि घातलेला पैसा वाया जातो. घाई नेमकी कुठे होते आणि ती कशी टाळावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

मुख्य तत्त्व : दम लवकर येतो, हाड उशिरा पिकते

नियमित काम सुरू केल्यावर घोड्याच्या शरीराचे सर्व भाग एकाच वेगाने तयार होत नाहीत.

• हृदय, फुप्फुसे व स्नायू : दोन ते तीन महिन्यांत स्पष्ट सुधारणा दिसते.
• कंडरा व अस्थिबंध (गुडघ्याखाली नळीच्या हाडामागील दोरीसारख्या शिरा) : सहा महिने ते एक वर्ष लागते.
• हाडे : कामाच्या ताणानुसार घट्ट होण्यास एक ते दोन वर्षे लागतात.
• खूर : केसांच्या कडेपासून टोकापर्यंत नवीन खूर वाढण्यास साधारण ९ ते १२ महिने लागतात.

म्हणजे तीन महिन्यांच्या सरावानंतर घोडा दमत नाही, स्वतःहून पळायला बघतो आणि मालकाला तो ‘तयार’ वाटतो. प्रत्यक्षात हाच सर्वांत धोक्याचा काळ असतो. दम आलेला असतो, पण तो वेग आणि अंतर पेलणाऱ्या कंडरा व हाडे अजून कच्ची असतात. म्हणून अंतर ठरवताना घोड्याच्या उत्साहाकडे पाहू नये. त्याचे वय आणि सरावाचे महिने पाहावेत.

वाढीचाही विचार करावा. पायांच्या खालच्या भागातील हाडांची वाढ लवकर पूर्ण होते, पण पाठीच्या मणक्यांची वाढ पूर्ण होण्यास पाच ते सहा वर्षे लागतात. स्वार बसतो तो याच पाठीवर. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९५५ पासून होणाऱ्या टेव्हिस चषक या एका दिवसाच्या १०० मैलांच्या (सुमारे १६० किमी) स्वारीत सहा वर्षांखालील घोड्याला प्रवेशच मिळत नाही, तो याच कारणामुळे.

खरेदी करताना वयाची खात्री

बाजारात सांगितलेल्या वयावर विसंबू नये. पुढचे दात पाहून अंदाज घ्यावा. मधली जोडी साधारण अडीच वर्षांनी, तिच्या शेजारची साडेतीन वर्षांनी आणि कडेची जोडी साडेचार वर्षांनी बदलते. दुधाचे दात लहान, पांढरेशुभ्र आणि मुळाशी निमुळते असतात. कायमचे दात मोठे, पिवळसर व उभ्या रेषांचे असतात. कडेचे दुधाचे दात शिल्लक असतील, तर घोडा पाच वर्षांचा झालेला नाही असे समजावे.

जातीपेक्षा पायांना महत्त्व द्यावे. काठियावाडी, मारवाडी आणि आपल्या दख्खनची भीमथडी या तिन्ही जाती कोरड्या हवामानात टिकणाऱ्या आहेत. भीमथडीची कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे. धनगर समाज मेंढरांबरोबर फिरताना या लहान चणीच्या घोड्यांवर बिऱ्हाड लादत आला आहे. लांब चालीसाठी उंची आणि रंग दुय्यम आहेत. सरळ पाय, घट्ट खूर, रुंद छाती आणि शांत स्वभाव पाहावा. सपाट, कडक जागेवर घोडा चालवून आणि दुडक्या चालीने पळवून पाहावा. प्रत्येक पावलाला मान वर-खाली होत असेल, तर पुढच्या एखाद्या पायात दुखणे असण्याची शक्यता असते.

बाजारातून आणलेला घोडा किमान २१ दिवस इतर घोडे, गाढवे व खेचरांपासून वेगळा बांधावा. त्याचे पाणी, तोबरा आणि खरारा वेगळा ठेवावा. या काळात ग्लँडर्स व सर्रा या रोगांसाठी रक्ततपासणी करून घ्यावी. ग्लँडर्स माणसालाही होतो. २००६ मध्ये महाराष्ट्रात त्याचा प्रादुर्भाव झाला होता. नाकातून घट्ट चिकट स्राव, कातडीवर गाठी व फुटलेले व्रण दिसल्यास घोड्याला उघड्या हाताने हाताळू नये. ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

पाठीवर किती वजन चालेल?

काटा उपलब्ध नसेल तर टेपने वजन काढता येते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर (सेंमी) मोजावा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी (सेंमी) मोजावी.

वजन (किलो) = घेर × घेर × लांबी ÷ ११,८८०

उदाहरण : घेर १५५ सेंमी व लांबी १४५ सेंमी असेल, तर १५५ × १५५ × १४५ ÷ ११,८८० = सुमारे २९३ किलो.

पूर्ण वाढलेल्या, सराव असलेल्या घोड्यावर स्वार, खोगीर आणि सामान मिळून त्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त भार नसावा. चार वर्षांच्या घोड्यासाठी ही मर्यादा १५ टक्के धरावी. वरील घोड्यासाठी हे आकडे अनुक्रमे सुमारे ५९ आणि ४४ किलो येतात. म्हणजे ७० किलोचा स्वार आठ किलोचे खोगीर घालून या घोड्यावर लांब पल्ल्याला गेला, तर सराव कितीही चांगला असला तरी पाठ आणि पाय खराब होणारच. मोठ्या स्वाराने मोठा घोडा घ्यावा, किंवा लहान घोड्याचा सराव घरातील हलक्या पण जाणत्या स्वाराकडून करून घ्यावा.

वयानुसार कामाचे टप्पे

दोन वर्षांपर्यंत : मोकळे फिरणे हाच व्यायाम. दिवसभर आगाडी-पिछाडी लावून बांधून ठेवल्यास हाडे घट्ट होत नाहीत. मोहरकी घालणे, पाय उचलू देणे, खरारा करून घेणे आणि खूर तासताना शांत उभे राहणे या सवयी याच वयात लावाव्यात.

दोन ते तीन वर्षे : स्वार नको. हाती धरून आठवड्यातून तीन-चार दिवस ३ ते ४ किमी चालवावे. गाडीवाट, ओढा, पूल, ट्रॅक्टर, वाजंत्री, कुत्री यांची ओळख करून द्यावी. लांब दोरीवर गोल फिरवणे १० मिनिटांपेक्षा जास्त करू नये. लहान वर्तुळात सांध्यांवर वाकडा ताण येतो.

तीन ते चार वर्षे : खोगीर आणि लगामाची सवय लावावी. वर्षाच्या शेवटी हलका स्वार, २० ते ३० मिनिटे, फक्त चाल. दोन-तीन महिन्यांनंतर पुन्हा काही आठवडे मोकळे सोडावे.

चार ते पाच वर्षे : खाली दिलेला १६ आठवड्यांचा सराव. या वर्षी चौखूर पळवणे नको.

पाच ते सहा वर्षे : आठवड्यातील लांब रपेट टप्प्याटप्प्याने २५ ते ३० किमीपर्यंत न्यावी.

सहा वर्षांनंतर : ४० किमी आणि पुढील अंतराचा विचार करावा.

सरावाचा हंगाम

पावसाळ्यात काळी माती पायाला चिकटते आणि खोल रुतते. पाय ओढून काढताना कंडरांवर मोठा ताण येतो. उन्हाळ्यात त्याच जमिनीला भेगा पडतात आणि पाय अडकून मोडण्याचा धोका असतो. म्हणून काळ्या रानात घोडा पळवू नये. मुरमाड गाडीवाट, माळरान आणि बालाघाटच्या डोंगररांगांतील सौम्य चढ ही सरावासाठी उत्तम जागा आहे. अहमदपूर, कंधार, लोहा व मुखेड भागात अशा वाटा सहज मिळतात. डांबरी रस्त्यावर फक्त चाल ठेवावी.

मुख्य सराव दसऱ्यानंतर सुरू करून फेब्रुवारीअखेर पूर्ण करावा. एप्रिल-मे मध्ये पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. त्या काळात सूर्योदयाच्या सुमारास ३० ते ४० मिनिटे चालवून सवय टिकवावी. ओझे वाहणाऱ्या व गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार, तापमान ३७ अंशांच्या वर असताना दुपारी १२ ते ३ या वेळेत त्यांच्याकडून काम घेता येत नाही. स्वारीच्या घोड्यालाही हाच नियम लावावा.

चार वर्षांवरील घोड्यासाठी १६ आठवड्यांचा सराव

साधारण चालीचा वेग ताशी ६ किमी आणि दुडक्या चालीचा ताशी १२ किमी धरला आहे. आठवड्यातून चार दिवस काम, एक दिवस हाती धरून फिरवणे आणि दोन दिवस मोकळीक द्यावी.

• आठवडा १ ते ४ : रोज ३ ते ४ किमी, फक्त चाल. आठवड्यातून एकदा ५ किमी.
• आठवडा ५ ते ८ : रोज ४ ते ६ किमी. मध्ये दोन-दोन मिनिटांची दुडकी चाल तीन वेळा. आठवड्यातून एकदा ६ ते ८ किमी.
• आठवडा ९ ते १२ : रोज ५ ते ७ किमी. पाच-पाच मिनिटांची दुडकी चाल तीन वेळा. एक दिवस सौम्य चढ. आठवड्यातून एकदा ९ ते ११ किमी.
• आठवडा १३ ते १६ : रोज ६ ते ८ किमी. दहा-दहा मिनिटांची दुडकी चाल दोन वेळा. आठवड्यातून एकदा १२ ते १४ किमी.

पुढील नियम पाळावेत :

१. अंतर, वेग, चढ आणि वजन यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. आधी अंतर, नंतर चढ, शेवटी वेग.
२. लांब रपेटीत आठवड्याला साधारण एक किलोमीटरपेक्षा जास्त वाढ करू नये.
३. दर चौथ्या आठवड्याला काम एक तृतीयांशाने कमी करावे. हाडे व कंडरा विश्रांतीतच भरून येतात.
४. सुरुवातीची १० ते १५ मिनिटे आणि शेवटची १५ मिनिटे फक्त चाल. शेवटचा एक किलोमीटर स्वाराने उतरून पायी चालल्यास पाठ मोकळी होते.
५. उतारावर दुडकी चाल घेऊ नये.

लांब पल्ला म्हणजे भरधाव पळणे नव्हे. आषाढी वारीसाठी माउलींचे अश्व बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून आळंदीपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटर जातात, ते दहा-अकरा दिवसांत मुक्काम करत, चालीनेच.

नाडी पाहून ठरवा

निरोगी प्रौढ घोड्याची विश्रांतीतील नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि शरीराचे तापमान ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस (९९ ते १०१ अंश फॅरनहाइट) असते. नाडी खालच्या जबड्याच्या आतील कडेला बोटांनी लागते. स्टेथोस्कोप असेल तर डाव्या कोपराच्या मागे ठोके ऐकावेत. १५ सेकंद मोजून चारने गुणावे.

• काम संपल्यावर १० ते १५ मिनिटांत नाडी ६४ च्या खाली आली, तर काम झेपले. लांब पल्ल्याच्या स्पर्धांमध्ये घोड्याला पुढे सोडण्यासाठी सर्वसाधारणपणे हाच आकडा वापरतात.
• ६४ च्या खाली येण्यास ३० मिनिटे लागली, तर काम जास्त झाले. पुढच्या आठवड्यात मागच्या टप्प्यावर यावे.
• दुसऱ्या दिवशी सकाळची नाडी नेहमीपेक्षा ८ ते १० ठोक्यांनी जास्त असेल, तर त्या दिवशी विश्रांती द्यावी.

मानेची किंवा खांद्याची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती लगेच पूर्ववत न झाल्यास पाणी कमी पडले आहे. हिरडी बोटाने दाबल्यावर तिचा गुलाबी रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. हे सर्व आकडे तारखेसह वहीत लिहावेत.

दररोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी चारही पायांच्या नळीमागील कंडरांवरून हात फिरवावा. एका पायात ऊब, सूज किंवा दुखरेपणा जाणवला तर घोडा लंगडत नसला तरी काम थांबवावे. थंड पाण्याची धार दिवसातून दोन-तीन वेळा १५ मिनिटे सोडावी आणि पशुवैद्यकास दाखवावे. वेदनाशामक देऊन काम चालू ठेवल्यास किरकोळ दुखापत कायमची होते.

चंदी, वैरण आणि पाणी

घोडा रवंथ करत नाही. त्याचे पोट लहान असते आणि आतडी सतत थोडी-थोडी वैरण मागतात. बैलाचा हिशेब त्याला लावू नये.

• ३०० किलोच्या घोड्याला रोज सुमारे ५ ते ६ किलो कोरडी वैरण (ज्वारीचा कडबा, मारवेल किंवा पवना गवत) लागते. बुरशी आलेला, पावसात भिजलेला कडबा देऊ नये. कोवळी हिरवी ज्वारी विषारी ठरू शकते.
• वाढत्या वयात ४ ते ५ किलो लसूणघास दिल्यास प्रथिने व कॅल्शियम मिळते.
• काम वाढेल तशी चंदी वाढवावी. ओट किंवा भरडलेले जव आणि भिजवलेला हरभरा मिळून १ ते २ किलो, दोन-तीन वेळांत विभागून द्यावे. एका वेळी सव्वा किलोपेक्षा जास्त नको. गव्हाचा कोंडा मुख्य खाद्य करू नये. त्यात फॉस्फरस जास्त व कॅल्शियम कमी असल्याने हाडे कमकुवत होतात.
• विश्रांतीच्या दिवशी चंदी निम्मी करावी. पूर्ण चंदी खाऊन उभा राहिलेला घोडा दुसऱ्या दिवशी कामावर काढल्यास पुठ्ठ्याचे स्नायू आखडतात, अंग घामाघूम होते आणि लघवी तांबडी-कॉफीसारखी होते. अशा वेळी घोड्याला एक पाऊलही चालवू नये. जागेवरच डॉक्टरांना बोलवावे.
• लातूर-नांदेड भागात सोयाबीन मुबलक आहे, पण कच्चे सोयाबीन घोड्याला देऊ नये. सोयाबीनचे भुसकट पचायला जड असते आणि त्यामुळे आतड्यात मळ अडकू शकतो. सरकी पेंड तरुण घोड्याला टाळावी.
• गाई-म्हशींचे किंवा कोंबड्यांचे तयार खाद्य घोड्याला अजिबात देऊ नये. त्यात मोनेन्सिन नावाचे औषध असू शकते. जनावरांना चालणारी त्याची मात्रा घोड्याच्या हृदयाचे कायमचे नुकसान करते व जीवही घेते. युरियायुक्त खाद्यही नको.
• पाणी रोज २५ ते ४० लिटर लागते. उन्हात आणि कामात हे प्रमाण बरेच वाढते. मीठ रोज ३० ग्रॅम आणि जास्त घाम आलेल्या दिवशी ६० ग्रॅमपर्यंत द्यावे.

घाम आलेल्या घोड्याला पाणी दाखवू नये, असा समज आहे. लांब पल्ल्यात तो घातक ठरतो. वाटेत मिळेल तिथे घोड्याला पाणी पिऊ द्यावे आणि पुढे चालत ठेवावे. मुक्कामी पोहोचल्यावर मात्र आधी पाणी आणि वैरण द्यावी. चंदी तासाभराने, नाडी उतरल्यावर द्यावी.

खूर, नाल आणि खोगीर

खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी तासावेत. नाल लावलेला असेल तर साधारण सहा आठवड्यांनी काढून, खूर तासून पुन्हा बसवावा. खडकाळ वाटेवर काम सुरू होईपर्यंत नालाची घाई नको. नाल खुराच्या आकाराचा करावा, नालाच्या मापाने खूर कापू नये. रोज कामापूर्वी व नंतर खुरातील खडे, माती काढावी. पावसाळ्यात खुराच्या तळाच्या त्रिकोणी मऊ भागातून काळा, दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल तर बांधण्याची जागा कोरडी करावी व उपचार घ्यावेत. खिळ्याच्या जखमेतून धनुर्वात होतो. म्हणून त्याची लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळेवर टोचून घ्यावी.

खोगिराचा भार कण्यावर न येता दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर यावा. खाली घडी न पडलेली स्वच्छ लोकरी घोंगडी घालावी. खोगीर काढल्यावर घामाने ओल्या पाठीवर एखादा कोरडा डाग दिसला, तर तिथे दाब जास्त पडतो आहे असे समजावे. तरुण घोडा वाढत असतो, म्हणून खोगीर दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा बसवून पाहावे. काटेरी लगाम वापरू नये.

पहिल्या लांब रपेटीपूर्वी तपासावयाच्या बाबी

विस्तार कार्यकर्त्यांनी पशुपालकास पुढील प्रश्न विचारावेत :

• घोड्याची पाच वर्षे पूर्ण आहेत का? दात पाहिले आहेत का?
• स्वार आणि खोगिराचे वजन मर्यादेत आहे का?
• ठरवलेल्या अंतराच्या किमान दोन तृतीयांश अंतर त्याने मागील महिन्यात नाडी वेळेत उतरवून पूर्ण केले आहे का?
• मागील चार आठवड्यांत पायात ऊब, सूज किंवा लंगडणे दिसले आहे का?
• नाल बसवून एक ते तीन आठवडे झाले आहेत का?
• वाटेत दर ८ ते १० किमीवर पाणी आणि सावली आहे का?
• घोडा थांबला तर परत आणण्यासाठी वाहनाची सोय आहे का?

पाय किंवा नाडीबाबत एकही उत्तर समाधानकारक नसेल, तर रपेट पुढे ढकलावी.

लंगडणे, सतत लोळणे किंवा पोटाकडे वळून पाहणे, लघवीचा रंग बदलणे, विश्रांतीनंतरही नाडी ६४ च्या वर राहणे यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपाय करत वेळ घालवू नये. जवळच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा. पायाची सखोल तपासणी किंवा क्ष-किरण चित्र आवश्यक असल्यास, डॉक्टरांच्या चिठ्ठीने उदगीर किंवा परभणी येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या चिकित्सालयात घोडा न्यावा. नेताना नाडी, अंतर आणि नालबंदीच्या तारखांची वही सोबत ठेवावी. दुखणे कोणत्या आठवड्यात, कोणती गोष्ट वाढवल्यावर सुरू झाले, हे त्यातून डॉक्टरांना लगेच समजते.